मित्रांच्या मधला खडक

२३ जुलै २०१९. रशियन हवाई दलाचं ए-५० हे टेहळणी विमान जपान आणि कोरिया यांच्या मधल्या समुद्रातल्या एका खडकाळ बेटाच्या हद्दीत शिरलं. आसपास चिनी बाँबफेकी विमानंही घिरट्या घालत होती. रशिया आणि चीन यांची ती पहिली संयुक्त हवाई गस्त. दक्षिण कोरियाची लढाऊ विमानं झेपावली, त्यांनी आधी फ्लेअर्स सोडले, मग इशाऱ्यादाखल सुमारे ३६० गोळ्या झाडल्या. तिकडे जपानचीही विमानं उडाली. दक्षिण कोरिया आणि जपान हे दोघंही अमेरिकेचे करारबद्ध मित्र, दोघांच्याही भूमीवर अमेरिकी तळ, आणि रशिया, चीन, उत्तर कोरिया या तिघांची धास्तीही दोघांना सारखीच. तेव्हा जपानने रशियाकडे निषेध नोंदवला यात नवल काही नाही. नवल पुढे आहे. त्याच दिवशी जपानने दक्षिण कोरियाकडेही निषेध नोंदवला. आमच्या बेटावरच्या आकाशात तुम्ही गोळ्या झाडल्याच कशा, ही जपानची तक्रार होती.

शत्रूचं विमान मित्राने हुसकावून लावलं, याचा राग मित्रालाच यावा असं या बेटात आहे तरी काय?

तसं पाहिलं तर फारसं काही नाही. दोन मुख्य सुळके आणि त्यांच्याभोवती विखुरलेले लहानमोठे खडक. सगळ्यांचं क्षेत्रफळ मिळून ०.१९ चौरस किलोमीटरसुद्धा भरत नाही. कोरियाचं उल्लुंगदो बेट इथून ८७ किलोमीटरवर, जपानची ओकी बेटं साधारण १५८ किलोमीटरवर. कोरियन लोक याला दोक्दो म्हणतात, जपानी लोक ताकेशिमा, आणि ज्यांना कुणाचीच बाजू घ्यायची नसते ते १८४९ साली इथून गेलेल्या एका फ्रेंच देवमासेमारी जहाजाच्या नावावरून ‘लियांकूर खडक’ म्हणतात. आज ताबा दक्षिण कोरियाचा आहे. तिथे कोरियाचे चाळीसेक पोलीस असतात, धक्का आहे, दीपगृह आहे, पिन कोडही आहे. उल्लुंगदोहून पर्यटकांच्या बोटी जातात, आणि समुद्र शांत असला तर प्रवासी अर्धा तास उतरून झेंड्यासोबत फोटो काढून परततात. जपानच्या कागदपत्रांत मात्र हेच बेट शिमाने प्रांतातल्या ओकीनोशिमा गावाच्या हद्दीत मोडतं.

दोन्ही बाजूंकडे जुने नकाशे आणि दाखले भरपूर आहेत. कोरिया थेट इसवी सन ५१२पासून सुरुवात करतो, तर जपान सतराव्या शतकातल्या मासेमारीच्या परवान्यांपासून. या ढिगाऱ्यात शिरण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. त्या काळी कोणत्याच राजाला निर्जन खडकाच्या मालकीची आजच्या अर्थाने फिकीर नव्हती, आणि जुन्या नकाशांवर बेटांची नावंही इकडची तिकडे झालेली आहेत. एक कागद मात्र सांगायलाच हवा, कारण तो जपानला अडचणीचा आहे. १८७७ साली जपानच्या सर्वोच्च शासकीय मंडळाने, दाजोकानने, आदेश काढला होता की ताकेशिमा ‘आणि आणखी एक बेट’ यांच्याशी आपला काही संबंध नाही. त्या काळी ताकेशिमा हे नाव उल्लुंगदोला होतं. मग ‘आणखी एक बेट’ म्हणजे कोणतं, यावर दोन्हीकडचे विद्वान अजून भांडतात.

खरी गोष्ट सुरू होते १९०४ साली, आणि तीही सी लायनपासून. ओकी बेटांवरचा नाकाई योझाबुरो नावाचा एक धंदेवाईक शिकारी या खडकांवर सी लायन मारायचा. त्यांच्या कातड्याला आणि तेलाला चांगला भाव होता. बाकीचे शिकारी येऊन गर्दी करू लागले तेव्हा त्याने सरकारकडे अर्ज केला, की हे बेट जपानच्या हद्दीत घ्या आणि मला भाड्याने द्या. एरवी असा अर्ज फायलीत पडून राहिला असता. पण त्या वेळी जपान रशियाशी लढत होता, आणि या समुद्रातल्या प्रत्येक उंचवट्याला टेहळणीच्या दृष्टीने मोल आलं होतं. २८ जानेवारी १९०५ रोजी जपानी मंत्रिमंडळाने बेट आपल्यात घेतलं आणि २२ फेब्रुवारीला शिमाने प्रांताने अधिसूचना काढली. मे महिन्यात त्सुशिमाच्या लढाईत रशियन आरमाराचा धुव्वा उडाला, त्यातून उरलेल्या जहाजांनी शरणागती पत्करली ती याच खडकांच्या परिसरात. नोव्हेंबरमध्ये कोरियाचं परराष्ट्र खातं जपानने स्वतःकडे घेतलं आणि १९१० साली अख्खा कोरियाच गिळला.

तारखांचा हा क्रम कोरियन माणसाला पाठ असतो. जपानच्या लेखी १९०५ची अधिसूचना ही मालकी नसलेल्या बेटाबाबतची एक कायदेशीर कारवाई होती. कोरियाच्या लेखी तो देश गिळण्यातला पहिला घास. म्हणून जपानने या बेटाचं नाव काढलं की कोरियन माणसाला त्यात ३५ वर्षांची गुलामगिरी ऐकू येते. एप्रिल २००६मध्ये जपानने या परिसरात समुद्रतळाची पाहणी करायचं ठरवलं तेव्हा कोरियाचे अध्यक्ष रोह मू-ह्युन यांनी टीव्हीवरून केलेल्या भाषणाचा रोख नेमका हाच होता. जपानमध्ये ही बाब पोचत नाही. तिथल्या सर्वसामान्य माणसाला ताकेशिमा हे नाव ऐकून माहीत असतं इतकंच. एका बाजूची जखम, दुसऱ्या बाजूचा कागद. त्यामुळे बोलणी जुळतच नाहीत.

आता या भांडणातल्या तिसऱ्या मित्राकडे वळू. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानकडून कोणता प्रदेश काढून घ्यायचा हे ठरवणाऱ्या तहाचे मसुदे अमेरिकेत तयार होत होते. सुरुवातीच्या मसुद्यांत हे बेट कोरियाला दिलेलं होतं. १९४९च्या अखेरीस टोकियोतले अमेरिकी मुत्सद्दी विल्यम सीबॉल्ड यांनी आक्षेप घेतला आणि पुढच्या मसुद्यात ते जपानकडे गेलं. मग तह छोटा आणि सुटसुटीत करायचं ठरलं, आणि ८ सप्टेंबर १९५१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत ज्या मजकुरावर सह्या झाल्या त्यात बेटाचा उल्लेखच राहिला नाही. कोरियाने त्याआधी विचारणा केली होती. ऑगस्ट १९५१मध्ये अमेरिकेचे सहायक परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांनी पत्राने उत्तर दिलं, की आमच्या माहितीनुसार हे बेट कधी कोरियाचं मानलं गेलेलं नाही. पत्र तेव्हा गुप्त होतं. जपान आज ते मोठ्या दिमाखात दाखवतो. कोरिया म्हणतो, एका अधिकाऱ्याच्या खासगी पत्राने तह बदलत नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. त्या वेळी कोरियात युद्ध पेटलेलं होतं आणि जपान साम्यवादाविरुद्धचा तळ म्हणून हवा होता, त्यामुळे अमेरिकेला यांतल्या कुणालाच दुखवायचं नव्हतं. वडिलांनी वाटणीपत्रात मधल्या बांधाचा गट नंबरच लिहिला नाही, तर भावाभावांत पुढे जे होतं तेच इथे झालं.

कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी वाट पाहिली नाही. तह अमलात येणार होता २८ एप्रिल १९५२ रोजी, त्याच्या तीन महिने आधी, १८ जानेवारीला त्यांनी समुद्रात एक रेषा आखली आणि बेट आपल्या बाजूला घेतलं. पुढची तेरा वर्षं या रेषेपलीकडे सापडलेल्या शेकडो जपानी मासेमारी बोटी कोरियाने जप्त केल्या, हजारो मच्छीमार तुरुंगात डांबले. शिमानेच्या किनाऱ्यावरच्या कुटुंबांनी ते भोगलं आहे, ही जपानच्या बाजूची जखम. जपानबाहेर तिची फारशी चर्चा होत नाही.

२५ सप्टेंबर १९५४ रोजी जपानने प्रस्ताव दिला, चला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात. कोरियाने नकार दिला. १९६२मध्ये पुन्हा हाच प्रस्ताव, पुन्हा नकार, आणि २०१२मध्ये तिसऱ्यांदा तेच. या न्यायालयात दोन्ही पक्ष राजी असल्याशिवाय खटला उभा राहत नाही. कोरियाची भूमिका सरळ आहे: आमच्या ताब्यातल्या आमच्या बेटाबद्दल वादच नाही, मग खटला कसला? कब्जेदाराला शांतता परवडते, दावेदाराला आवाज करत राहावं लागतो. गंमत म्हणजे सेन्काकू बेटांवर जपानचा ताबा आहे आणि दावा चीनचा, तिथे टोकियो शब्दशः हेच म्हणतं, की वाद अस्तित्वातच नाही.

आणि तरीही १९६५ साली या दोन देशांनी हातमिळवणी केली. कोरियाचे अध्यक्ष पार्क चुंग-ही यांना कारखाने उभारायला पैसा हवा होता, जपानला बाजारपेठ हवी होती, अमेरिकेला दोघंही एका छताखाली हवे होते. चौदा वर्षं रेंगाळलेली बोलणी २२ जून १९६५ रोजी संपली. जपानने ३० कोटी डॉलरचं अनुदान आणि २० कोटी डॉलरचं सवलतीचं कर्ज देऊ केलं. बेटाचं काय केलं? बेटाचं नावच घेतलं नाही. दोन्ही सरकारांनी एकमेकांना पत्रं दिली, की आपसातले वाद चर्चेने, नाहीतर मध्यस्थीने सोडवू. टोकियोने घरी जाऊन सांगितलं, यात ताकेशिमा आलं. सोलने घरी जाऊन सांगितलं, दोक्दो हा वादच नसल्याने ते यात येत नाही. दोघांनाही दुसरा काय सांगतोय हे पक्कं ठाऊक होतं.

हा अप्रामाणिकपणा झाला असं कुणी म्हणेल. मला ती अव्वल दर्जाची मुत्सद्देगिरी वाटते. मात्र ती साधण्यासाठी एक अट होती: सोलमधलं बोलणं टोकियोच्या रस्त्यावर ऐकू जाता कामा नये. पार्क यांच्या कोरियात ही अट पाळणं सोपं होतं. विद्यार्थी आधीच्या वर्षी रस्त्यावर उतरले तेव्हा त्यांनी सोलमध्ये सरळ लष्करी कायदा लावला होता, आणि वृत्तपत्रंही मुठीत होती. या शांततेची किंमत मोजली ती कोरियातल्या लोकांनी, हेही विसरून चालणार नाही. १९८७नंतर तिथे लोकशाही आली आणि ती मूठ सुटली. तरी १९९८च्या मासेमारी कराराच्या वेळी जुनं तंत्र पुन्हा एकदा चाललं. बेटाभोवतीचा समुद्र ‘मधला पट्टा’ ठरवून टाकला आणि मालकीबद्दल अवाक्षर काढलं नाही. कोरियात ओरड झाली, पण करार टिकला.

मग आलं २००५. राजनैतिक संबंधांना चाळीस वर्षं झाली म्हणून दोन्ही देशांनी हे ‘मैत्री वर्ष’ जाहीर केलं होतं. कोरियन मालिकांनी जपानी प्रेक्षकांना वेड लावलं होतं. त्याच वर्षी १६ मार्चला शिमानेच्या प्रांतिक विधानसभेने ठराव केला: अधिसूचनेला शंभर वर्षं झाली, दर २२ फेब्रुवारीला आम्ही ‘ताकेशिमा दिन’ पाळणार. टोकियोचं केंद्र सरकार यात नव्हतं. एका लहान, म्हाताऱ्या होत चाललेल्या, मासेमारीवर जगणाऱ्या प्रांताने केलेली ती कुरकुर होती, आणि तिचा अर्धा रोख स्वतःच्याच राजधानीकडे होता. सोलमध्ये हा तपशील कुणी पाहिला नाही. जपानी दूतावासासमोर निदर्शकांनी बोटं कापून घेतली, एकाने स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. कोरियाने बेट पर्यटकांना खुलं केलं. मासान शहराच्या नगर परिषदेने तर जपानच्या त्सुशिमा बेटावरच हक्क सांगणारा दिन जाहीर केला.

त्याच वर्षी जपानमध्ये ‘केनकानर्‍यू’ नावाचं एक मांगा पुस्तक धडाक्याने खपलं. नावातच कोरियन मालिकांच्या लाटेचा तिरस्कार होता. मूळचं ते इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलेलं चित्रकथानक होतं, आणि ताकेशिमावर त्यात स्वतंत्र प्रकरण होतं. छापील वृत्तपत्रांत जे लिहिता येत नव्हतं ते ‘निचान्नेरु’सारख्या निनावी चर्चामंचांवर वर्षानुवर्षं साचत गेलं होतं, तिथून ते आता दुकानांच्या मांडणीवर आलं. कोरियात १९९९ साली ‘वँक’ नावाची संस्था सुरू झाली होती, आधी परदेशी मित्रांशी इंटरनेटवरून पत्रव्यवहार करण्यासाठी. लवकरच तिचे हजारो तरुण स्वयंसेवक जगभरच्या प्रकाशकांना आणि नकाशे छापणाऱ्यांना ई-मेल धाडू लागले: बेटाचं नाव बदला, समुद्राचं नाव बदला. २०१२ साली गूगलने नकाशावर तोडगा काढला. कोरियातून पाहाल तर दोक्दो, जपानमधून पाहाल तर ताकेशिमा, इतर ठिकाणांहून लियांकूर खडक. १९६५चीच युक्ती, फक्त यावेळी ती एका खासगी कंपनीने वापरली, आणि ती चालली नाही. कारण आता दुसऱ्याचा नकाशा कसा दिसतो हे दोन मिनिटांत पाहता येतं, आणि त्याची बातमी करता येते.

या काळातला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. नेव्हर या कोरियन कंपनीने २००२च्या विश्वचषक फुटबॉलच्या सुमारास एक संकेतस्थळ सुरू केलं. कोरियन माणसाने कोरियनमध्ये लिहायचं, जपान्याने जपानीत, आणि यंत्राने तत्क्षणी भाषांतर करून समोरच्याला दाखवायचं. कल्पना मैत्रीची होती. खाणंपिणं आणि प्रवास यांच्या गप्पाही तिथे झाल्या, पण इतिहास आणि बेट यांचे विभाग कायम धगधगत राहिले. काही वर्षांनी ते संकेतस्थळ गुंडाळलं गेलं.

भाषेची भिंत पडली की समजूत वाढेल असा आपला भाबडा समज असतो. इथे काय झालं? समोरच्या देशात प्रत्येक विषयावर वेडंवाकडं बोलणारे लोक असतातच, आधी ते फक्त त्यांच्या शेजाऱ्यांना ऐकू येत. आता ते निवडून वेचता येऊ लागले. कोरियन संकेतस्थळांवर ‘जपानी नेटकऱ्यांच्या प्रतिक्रिया’ हा बातमीचा एक प्रकारच रुळला. पंधरा खवचट प्रतिक्रिया उचलायच्या, भाषांतर करायचं, मथळ्यात लिहायचं ‘जपान संतापला’. उलट दिशेने कोरियन वृत्तपत्रांच्या जपानी आवृत्त्या याहू जपानवर झळकतात आणि त्यांच्याखाली प्रतिक्रियांचा पूर लोटतो. जुलै २०१९मध्ये जपानने चिप उद्योगाला लागणाऱ्या तीन रसायनांच्या निर्यातीवर निर्बंध आणले, तेव्हा हे इतकं टोकाला गेलं की कोरियाच्या अध्यक्षीय प्रवक्त्या को मिन-जुंग यांनी ‘चोसन इल्बो’ आणि ‘जुंगआंग इल्बो’ या दोन वृत्तपत्रांच्या जपानी आवृत्त्यांतल्या मथळ्यांवर जाहीर टीका केली. आपल्याच देशाची वृत्तपत्रं परक्या भाषेत काय मथळे देतात, यावर राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाने बोलण्याची ती वेळ.

या प्रतिक्रिया म्हणजे जनमत असं धरून चालणाऱ्यांनी कोरियातलीच दोन प्रकरणं आठवावीत. २०१२च्या निवडणुकीच्या काळात तिथल्या राष्ट्रीय गुप्तचर संस्थेचे कर्मचारी निनावी नावांनी राजकीय प्रतिक्रिया लिहीत होते. संस्थेचे माजी प्रमुख वोन से-हून यांना त्यासाठी तुरुंगवास झाला. पुढे २०१८मध्ये उघडकीला आलं की ‘द्रुकिंग’ या टोपणनावाच्या ब्लॉगलेखकाच्या टोळीने नेव्हरवरच्या प्रतिक्रियांना संगणकी युक्तीने ‘पसंती’ फुगवून दिली होती. त्यात एका प्रांताचे तेव्हाचे गव्हर्नर किम क्योंग-सू दोषी ठरले. पहिलं प्रकरण उजव्या सरकारच्या काळातलं, दुसरं डाव्या गटाच्या पाठीराख्यांचं. पंधरा प्रतिक्रियांवरून देशाचा पारा मोजणाऱ्या बातम्या मात्र तशाच चालू राहिल्या.

राजकारण्यांना हे सगळं कळत नाही असं नाही. पण त्यातला फायदाही कळतो. १० ऑगस्ट २०१२ रोजी अध्यक्ष ली म्युंग-बाक बेटावर उतरले. पदावर असताना तिथे जाणारे ते पहिलेच कोरियन अध्यक्ष. त्याआधी सहा आठवडे त्यांच्याच सरकारने जपानशी गुप्त लष्करी माहितीच्या देवाणघेवाणीचा करार सह्या व्हायच्या तासभर आधी लोकांच्या रेट्यामुळे मागे घेतला होता. कारकीर्द संपत आली होती आणि लोकप्रियता घसरलेली होती. बेटाने तात्पुरती मदत केली. त्याच दिवशी लंडन ऑलिंपिकमध्ये कांस्यपदकासाठी कोरियाने जपानला २-० हरवलं, आणि पार्क जोंग-वू या खेळाडूने प्रेक्षकांतून आलेला ‘दोक्दो आमची भूमी’ असा फलक मैदानात मिरवला. त्याचं पदक काही महिने अडवून ठेवण्यात आलं. गुप्त माहितीचा तो करार शेवटी २०१६मध्ये झाला. उत्तर कोरिया अणुचाचण्या करत असताना चार वर्षं वाया गेली.

त्यानंतरच्या काही घटना हसू आणणाऱ्या आहेत. नोव्हेंबर २०१७मध्ये सोलमध्ये ट्रम्प यांच्या सन्मानार्थ दिलेल्या मेजवानीत ‘दोक्दोची कोळंबी’ वाढली गेली, आणि जपानने निषेध नोंदवला. एप्रिल २०१८मध्ये उत्तर आणि दक्षिण कोरियाच्या नेत्यांच्या भेटीत शेवटच्या गोड पदार्थावरच्या नकाशात बेटाचा ठिपका होता, जपानने पुन्हा निषेध नोंदवला. नोव्हेंबर २०२१मध्ये मात्र प्रकरण हसण्यापलीकडे गेलं. वॉशिंग्टनमध्ये तिन्ही देशांच्या उप-परराष्ट्रमंत्र्यांची बैठक झाली आणि नंतर संयुक्त पत्रकार परिषद ठरली होती. आदल्या दिवशी कोरियाचे पोलीस प्रमुख बेटावर जाऊन आले होते. जपानने मंचावर यायला नकार दिला, आणि अमेरिकेच्या वेंडी शेरमन एकट्याच पत्रकारांसमोर उभ्या राहिल्या. तिघांची एकजूट दाखवण्याचा कार्यक्रम जगाने असा पाहिला.

मित्रदेशांची सगळीच भांडणं अशी चिघळत नाहीत. कॅनडा आणि डेन्मार्क हे नाटोतले सोबती ग्रीनलंडजवळच्या हान्स बेटावरून जवळजवळ पन्नास वर्षं भांडत होते. हे बेट दोक्दोच्या किमान सहापट मोठं. एकमेकांचा झेंडा काढायचा, आपला लावायचा आणि दारूची बाटली ठेवून जायचं, असं त्या भांडणाचं स्वरूप. १४ जून २०२२ रोजी त्यांनी बेटाची वाटणी करून टाकली. युक्रेनवर रशियाने हल्ला चढवून जवळजवळ चार महिने झाले होते, तेव्हा मुहूर्तही साधला. पण ते जमलं कारण कॅनडाने डेन्मार्कवर कधी राज्य केलं नव्हतं, किंवा डेन्मार्कने कॅनडावर. त्या खडकाखाली काही पुरलेलं नव्हतं. दोक्दोचे दोन सुळके आहेत, म्हणजे भूगोलाने वाटणी आयतीच करून ठेवली आहे. तरी सोलमध्ये ती सुचवणाऱ्याचं राजकारण त्याच दिवशी संपेल.

१८ ऑगस्ट २०२३ रोजी अमेरिकेतल्या कॅम्प डेव्हिडमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बायडेन, जपानचे पंतप्रधान किशिदा आणि कोरियाचे अध्यक्ष यून सुक-योल एकत्र आले. क्षेपणास्त्रांचा इशारा एकमेकांना तत्काळ द्यायचा, दरवर्षी संयुक्त सराव करायचे, संकट आलं की सल्लामसलत करायची, असं बरंच काही ठरलं. प्रसिद्ध झालेल्या निवेदनात बेटाचा उल्लेख नाही. पुढच्या २२ फेब्रुवारीला शिमानेत नेहमीप्रमाणे समारंभ झाला, टोकियोने २०१३पासूनच्या प्रथेप्रमाणे एक कनिष्ठ दर्जाचा प्रतिनिधी पाठवला आणि सोलने निषेध नोंदवला. कॅम्प डेव्हिडमध्ये ठरलेलं काम चालू राहिलं. या बेटाचा निकाल आपल्या हयातीत लागेल असं मला वाटत नाही, आणि लागण्याची गरजही वाटत नाही. निषेध वेळच्या वेळी नोंदवला जावा आणि त्याला कुणी फार महत्त्व देऊ नये, एवढं या दोन सरकारांना जमलं तर पुरे.